बंधारा आणि वहिवाट



समुद्र कसा अडवायचा, यावर बोलणारे अभियंते पुष्कळ भेटतात. तो अडवण्याचे काम चालू असताना रोजच्या वाटेने जाणाऱ्या माणसाने कुठून जायचे, हा प्रश्न मात्र बहुधा पत्रे ठोकून झाल्यावर सुचतो. आपल्या या परिषदेचा विषय तोच आहे.

सुरुवात इंग्लंडपासून करण्याला कारण आहे. तिथे सार्वजनिक पायवाट कायद्याने नोंदलेली आणि अधिकृत नकाशावर काढलेली असते. ती तात्पुरती बंद करायची तरी रीतसर आदेश काढावा लागतो.

डेव्हनमधल्या डॉलिश गावात अभियंता ब्रुनेलने आखलेली रेल्वे १८४६ पासून समुद्राला खेटून धावते. रूळ आणि लाटा यांच्यामध्ये भिंत, आणि त्या भिंतीलगत माणसांची फिरण्याची वाट. १,०१४ किलोमीटर लांबीचा साउथ वेस्ट कोस्ट पाथ हा पायी चालण्याचा मार्ग याच गावातून जातो. फेब्रुवारी २०१४च्या वादळात ही भिंत फुटली, खालचा भराव वाहून गेला आणि रूळ दोरीच्या झुल्यासारखे अधांतरी लोंबकळले. दगडमातीने भरलेले जहाजी कंटेनर लाटांपुढे उभे करून डागडुजी झाली. ४ एप्रिलला गाडी पुन्हा धावली. पुढे जुन्या भिंतीपेक्षा सुमारे अडीच मीटर उंच अशी नवी भिंत दोन टप्प्यांत बांधली. पहिला टप्पा २०२० मध्ये पुरा झाला, दुसरा २०२३ मध्ये. भरती-ओहोटीसाठी खोळंबून राहावे लागू नये म्हणून आठ पायांवर समुद्रात उभा राहून पुढे सरकणारा यांत्रिक तराफाही आणला होता. गाडीसाठी एवढा खटाटोप, आणि चालणाऱ्याच्या वाट्याला गावातून वळसा! तरी त्याच्या पदरात शेवटी काही पडले. भिंतीलगतची नवी वाट आधीपेक्षा रुंद आहे, कारण ती आराखड्यात पहिल्यापासून होती.

तिथल्या १९८४च्या वाहतूक कायद्यात एक मजेशीर भेद आहे. कामासाठी रस्ता तात्पुरता बंद ठेवायचा तर १८ महिन्यांची मुदत, पायवाटेला मात्र सहाच महिने. त्यापुढे मंत्र्यांची संमती हवी. आदेशाआधी निदान सात दिवस स्थानिक वर्तमानपत्रात सूचना छापावी लागते आणि सोयीचा पर्यायी मार्ग आहे का, याचाही विचार करावा लागतो. समुद्राची भिंत सहा महिन्यांत कुणाची पुरी होते? त्यामुळे मुदतवाढीचे कागद फिरत राहतात, अभियंते वैतागतात. आमच्या स्वागत समितीला ही कटकट फार आवडली. वाट अजून बंद का, याचे उत्तर कुणाला तरी पुनःपुन्हा द्यावे लागते, हे काय थोडे झाले?

पोर्ट्समथच्या साउथसी भागात साडेचार किलोमीटरचा किनारा २०२० पासून टप्प्याटप्प्याने बांधला जातो आहे. एक तुकडा बंद, बाकीचा फिरायला मोकळा. पश्चिम ससेक्समधल्या मेडमेरीत तर २०१३ मध्ये समुद्रकाठचा गोट्यांचा बांध मुद्दाम फोडून पाणी आत घेतले आणि आतल्या बाजूला सात किलोमीटरचा नवा बांध घातला. काठाकाठाने सरळ जाणारी वाट तिथे तुटली ती कायमची. बदल्यात मागच्या बाजूला चालण्याच्या आणि सायकलीच्या नव्या वाटा मिळाल्या. हा सौदा सगळ्यांनाच पटेल असे नाही.

आता आपल्याकडे. इथे धूपप्रतिबंधक बंधारा म्हणजे बहुतेक ठिकाणी काळ्या दगडांची रास. समुद्राला ती अडवते आणि होडी ओढणाऱ्यालाही अडवते. डोक्यावर मासळीची पाटी घेतलेल्या बाईने त्या दगडांवरून पाय कसा टाकायचा, हे निविदेत सहसा सापडत नाही. १८८२च्या सुविधाधिकार कायद्यानुसार वहिवाटीचा हक्क मिळवायला खासगी जमिनीवर २० वर्षांचा उघड आणि अखंड वापर लागतो, सरकारी जमिनीवर ३०. ती वाट बुजवायला दगडांचे चार डंपर पुरतात. बंधाऱ्यात ठरावीक अंतरावर पायऱ्या, होड्यांसाठी उतार, काम चालू असताना दोन्ही टोकांना मराठीत ठळक फलक आणि त्यावर वाट पुन्हा खुली होण्याची तारीख, एवढे तरी अंदाजपत्रकात बसायला हवे. खर्च वाढेल, हे खरेच. पण तो बंधाऱ्याचाच खर्च आहे.

चहानंतरच्या पहिल्या सत्रात अभियंते आणि मच्छीमार सोसायट्यांचे प्रतिनिधी एकाच टेबलाशी बसतील. सोबत आणलेले आराखडे सभागृहाबाहेरच्या फळ्यांवर टाचून ठेवावेत. ज्यांत पर्यायी वाट दाखवलेली नाही, त्यांच्यासाठी तिथेच लाल पेन्सिली ठेवल्या आहेत. उद्घाटकांनी आता सूत्रे हाती घ्यावीत, ही विनंती.