शाळेचे ताट आणि आपले धान्य
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



विद्यार्थ्यांच्या गुणगौरवानंतर शिक्षणविषयक चार विचार मांडण्याचा आपल्या संमेलनाचा प्रघात आहे. यंदा तो मान मला दिल्याबद्दल मी कार्यकारी मंडळाचा ऋणी आहे. विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिकेविषयी आपण आताच ऐकले. मी त्यांच्या ताटाविषयी बोलणार आहे.

शाळेत मुलांना जेवू घालण्याची कल्पना आपल्या देशास नवी नाही. कामराज मुख्यमंत्री असता मद्रास राज्याने तिला व्यापक रूप दिले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्र शासनाने देशभर योजना सुरू केली. प्रारंभी अनेक राज्यांत कोरडे धान्यच घरी दिले जाई. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने शिजवलेले अन्न देणे बंधनकारक झाले. प्राथमिक वर्गातील बालकास प्रतिदिनी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ व ५० ग्रॅम भाजी, आणि त्यांतून ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे प्रमाण ठरलेले आहे. पोट भरण्याची तजवीज झाली. ते कशाने भरावे, हा विचार आता आपण केला पाहिजे.

कोकणाचेच उदाहरण घेऊ. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या वरकस जमिनीत नाचणी व वरी पिकते. कुळीथ, वाल, चवळी होते. शेवगा तर परसदारी उभा असतो. शाळेच्या पातेल्यात मात्र बहुधा सरकारी गोदामातून आलेला पांढरा तांदूळच शिजतो. शंभर ग्रॅम नाचणीत कॅल्शियम साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असते; तितक्याच पांढऱ्या तांदळात ते दहा मिलिग्रॅमच्या जवळपास भरते. तथापि नाचणी म्हणजे सर्वरोगहर मात्रा नव्हे. तिच्यातील प्रथिने तांदळाहून अधिक नाहीत. म्हणून तिच्या जोडीस कुळीथ किंवा चवळी हवीच.

मग हे धान्य शाळेत का पोहोचत नाही? पहिले कारण श्रमांचे. तांदूळ एका पातेल्यात शिजतो. भाकरी एकेक थापावी लागते. एका भाकरीस दोनच मिनिटे धरली, तरी शंभर भाकऱ्यांना एका तव्यावर तीन तासांहून अधिक वेळ लागतो. शंभर मुलांमागे दोन स्वयंपाकिणी. त्यांच्याकडून ही अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. दुसरे कारण पैशाचे. तांदूळ शासनाकडून येतो, नाचणी विकत घ्यावी लागते. तिसरे कारण आपल्या मनात आहे. नाचणी हे गरिबाचे धान्य, अशी समजूत आपणच जोपासली. ज्या धान्याला आपल्या मंगलकार्याच्या पंक्तीत स्थान नाही, ते शाळेच्या पंक्तीत मुलांनी आवडीने खावे कसे?

याबाबत कर्नाटकातील एक अभ्यास उद्बोधक आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शाळकरी मुलांना तीन महिने भरडधान्यांची इडली, खिचडी, उपमा असे पदार्थ देण्यात आले. मुलांना ते आवडले आणि त्यांची वाढही अधिक चांगली झाल्याचे आढळले. त्यातील मर्म असे की, धान्य बदलले, परंतु पदार्थ ओळखीचेच राहिले. आपल्याकडे आंबील, नाचणीची इडली, वरीची खिचडी, कुळथाचे पिठले यांचा असाच प्रयोग का होऊ नये?

यासाठी मोठी प्रयोगशाळा नको. एक तराजू, एक वही आणि वर्षभराची चिकाटी पुरे. गावात कोणत्या महिन्यात काय पिकते व कोणत्या दराने मिळते, पदार्थास सरपण वा गॅस किती व वेळ किती लागतो, पानात किती उरते, हे रोज मांडावे. उरलेल्या अन्नाचे वजन हा मुलांचा खरा अभिप्राय होय. स्वयंपाकिणींचा सल्ला आधी घ्यावा. कारण त्यांना जे जमणार नाही ते कागदावरच राहील.

म्हणून माझी मंडळास नम्र सूचना आहे की, शिक्षणनिधीतून दोन शिष्यवृत्त्या अशा अभ्यासासाठी राखून ठेवाव्यात. गृहविज्ञान अथवा कृषिविषयाचे शिक्षण घेणाऱ्या आपल्या मुलामुलींनी शाळेच्या संमतीने हे काम करावे व त्याचा वृत्तांत पुढील स्मरणिकेत छापावा.

यावर कोणी म्हणेल की, आपल्यापैकी अनेकांची मुले शहरातील शाळांत डबा नेतात. मग ज्ञातीच्या पैशाने सर्वांच्या ताटाची चिंता का वाहावी? त्यास माझे उत्तर स्पष्ट आहे. आपण येथे ज्ञातीच्या नावाने जमलो आहोत. शाळेच्या पंक्तीत ज्ञात नसते, आणि नसावी. कोणी शिजविले आणि शेजारी कोण बसले हे न पाहता मूल जेथे जेवते, ती पंगत आपल्या सर्व पंगतींहून मोठी आहे. तिच्यासाठी खर्चिलेला पैसा ज्ञातीच्या लौकिकातच भर घालील.

आरंभ मात्र स्वतःपासून व्हावा. पुढील संमेलनाच्या स्नेहभोजनात नाचणीचा एक पदार्थ अग्रस्थानी असावा, एवढी माझी विनंती आहे.