सुरुंग आणि चुन्याची भिंत



कामगार संघटनेच्या माणसाने जुन्या इमारतींविषयी बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. आमची शाळा सातवीत सुटली. दगडाचे शिक्षण आम्हांस खाणीवर मिळाले आणि अक्षराचे वाचनालयात. पण ज्याने जुनी भिंत उभी केली तो गवंडी आणि तिच्या शेजारी आज जो सुरुंग भरतो तो मजूर, हे दोघेही आमचेच. म्हणून हा विषय आम्ही मागून घेतला.

भुयारी रेल्वेला आमचा विरोध नाही, हे आधीच सांगतो. मुंबईत आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरची मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण खुली झाली. तिने हजारो कष्टकऱ्यांची रोजची यातायात वाचते. पण याच मार्गाचे काम चालू असताना, ऑगस्ट २०१७ मध्ये, दादाभाई नौरोजी रस्त्यावरच्या जे. एन. पेटिट ग्रंथालयाच्या माथ्यावरील नक्षीचा दगड निखळून पडला. आक्षेप होता तो जवळच्या खोदकामाच्या हादऱ्यांवर. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि त्या भागातले काम काही काळ थांबले. हादरा यंत्राचा असो की सुरुंगाचा, प्रश्न एकच: भिंतीने सोसावे किती?

जुनी दगडी भिंत बहुधा एकसंध नसते. बाहेरून व आतून घडीव दगड आणि मध्ये डबर व चुना, अशी तिची घडण. वरून येणारे ओझे ती शेकडो वर्षे वाहते. पण ताण तिला सोसत नाही. हादरा आला की दरजा उघडतात, कमानीचा दगड सरकतो. उंचावरचा भाग पायापेक्षा अधिक हलतो, म्हणून कळस आणि कठडे आधी सैल होतात.

हा हादरा मोजता येतो. जमीन क्षणभर किती वेगाने हलली, ते सेकंदाला मिलिमीटर या मापाने सांगतात. आपल्याकडच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाने १९९७ साली खाणींतल्या सुरुंगांसाठी मर्यादा ठरवून दिल्या. कंपने सेकंदाला आठांहून कमी असतील, तर साध्या घराला ५ मिलिमीटर आणि ऐतिहासिक वास्तूला फक्त २. कंपने जलद असली तर सूट वाढते; आठ ते पंचवीसपर्यंत ऐतिहासिक वास्तूला ५, त्यापुढे १०. संथ हादरा अधिक घातक, हे यातले मर्म. इमारतही संथच झुलते, आणि दोघांचा झोका जुळला की हानी वाढते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. माणसाला हादरा जाणवतो तो भिंतीला इजा होण्याच्या पुष्कळ आधी. म्हणून प्रत्येक भीती खरी नसते आणि प्रत्येक तडा सुरुंगाचा नसतो. पण म्हणूनच काम सुरू होण्यापूर्वी भिंतीची पाहणी हवी, जुन्या तड्यांची छायाचित्रे हवीत. तड्यावर काचेची पट्टी चिकटवली तर भिंत सरकताच ती फुटते. तिची साक्ष कोणी नाकारू शकत नाही.

उपाय अवघड नाहीत. आधी थोड्या दारूचा चाचणी-बार उडवून पाहावा. सगळी भोके एकदम न उडवता सेकंदाच्या सहस्रांशांच्या अंतराने उडवावीत, म्हणजे हादऱ्यांची बेरीज होत नाही. अंतर निम्मे झाले तर दारू निम्मी करून भागत नाही, चौथाईवर आणावी लागते. आणि अगदी जवळ आल्यावर सुरुंग सोडून देऊन दुसऱ्या उपायाने खडक फोडावा.

मग बिघडते कोठे? काही वर्षांपूर्वी एका भुयाराच्या कामावर आमचा एक सभासद सुरुंग भरीत असे. पाळी संपत आली होती. दोन वेळचे बार एकाच वेळी उडवा, असा हुकूम आला. वर जुने देऊळ होते. त्याने नकार दिला, तेव्हा त्याचा त्या दिवसाचा रोज कापला गेला. तीन महिने खेपा घालून तो आम्ही परत मिळवला. देवळाच्या विश्वस्तांना यातले काहीच ठाऊक नव्हते. ज्याचे आभार मानायचे, त्याच्यावरच दंड बसला होता.

आमचे म्हणणे एवढेच आहे. घाई ही दारूइतकीच स्फोटक असते. मीटरवर मजुरी ठरवाल, तर मजुराचा हात मीटर मोजील, भिंत नव्हे. म्हणून तीन गोष्टी मागा. आधीच्या पाहणीची प्रत रहिवाशांच्या हाती द्या. हादऱ्याचे रोजचे आकडे फळ्यावर लिहा. आणि धोका दिसताच बार थांबवणाऱ्याचा रोज कापू नका.

आपल्या गावातही उद्या खोदकाम येईल. त्याआधी एकदा आपल्या वाड्याच्या, देवळाच्या, शाळेच्या भिंतीपाशी उभे राहा आणि तिचे तडे नीट पाहून, तारीख घालून लिहून ठेवा. एवढे काम कोणत्याही तज्ज्ञावाचून होण्यासारखे आहे.