पीएच.डी.नंतरची वाट : सूर्यविज्ञानाच्या निमित्ताने

(हीरक महोत्सवी वर्षातील पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



साठाव्या वर्षी शाळेने मागे वळून पाहावे, अशी रीत आहे. मी मात्र आज आपले लक्ष पुढच्या एका वाटेकडे वेधू इच्छिते. अनेक पालक काळजीने विचारतात, ''पीएच.डी. झाली, आता कायमची नोकरी कधी?'' पदवी आणि नोकरी यांच्यामधल्या या टप्प्याला पीएच.डी.-उत्तर संशोधन म्हणतात. उदाहरणादाखल मी सूर्याच्या उच्च-ऊर्जा भौतिकीचे क्षेत्र घेते; कारण त्याचे एक महत्त्वाचे केंद्र आपल्या वडोदऱ्याहून जवळच, अहमदाबादेत आहे.

सूर्याच्या दृश्य पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस, तर त्याभोवतीच्या प्रभामंडलाचे दहा लाख अंशांहून अधिक! शेगडीपासून दूर जावे तसा चटका वाढावा, असे हे कोडे आहे. तेथील चुंबकीय क्षेत्रात साठलेली ऊर्जा अकस्मात मोकळी झाली, की सौरज्वाला उसळते. वेगवान इलेक्ट्रॉन खालच्या दाट थरांवर आदळतात आणि क्ष-किरण बाहेर पडतात. आपले वातावरण हे किरण अडवते, म्हणून त्यांचा वेध अवकाशातूनच घ्यावा लागतो. हा विषय केवळ कुतूहलाचा नाही. मार्च १९८९मध्ये सौरवादळामुळे कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील वीज सुमारे नऊ तास खंडित झाली होती.

अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने घडवलेले सौर क्ष-किरण उपकरण २०१९मध्ये चांद्रयान-२सोबत गेले. सूर्य अगदी शांत भासत असतानाही त्यावर सूक्ष्म ज्वाला उसळत असतात, हे त्याने टिपले. २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेले आदित्य-एल१ हे यान ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरील आपल्या कक्षेत स्थिरावले. त्याच्या सात उपकरणांपैकी दोन, सोलेक्स आणि हेलिओस, सौरज्वालांचे क्ष-किरण मोजतात. यान कक्षेत पोहोचले, की संशोधकांचे खरे काम सुरू होते. येणाऱ्या नोंदींतून अर्थ काढण्यासाठी प्रशिक्षित तरुण लागतात.

अशा तरुणांना अहमदाबाद, त्याच प्रयोगशाळेची उदयपूर सौर वेधशाळा, पुण्याची आयुका, बंगळुरूची भारतीय ताराभौतिकी संस्था आणि नैनितालची एरीज येथे संधी मिळू शकते. परदेशात ग्लासगो विद्यापीठ, अमेरिकेतील नासाची केंद्रे आणि सोलर ऑर्बिटरवरील क्ष-किरण दुर्बीण सांभाळणारा स्वित्झर्लंडमधील गट ही या विषयाची नावाजलेली ठिकाणे आहेत. नेमणूक बहुधा दोन-तीन वर्षांची असते व दरमहा अधिछात्रवृत्ती मिळते. अर्जात प्रसिद्ध झालेले शोधनिबंध, पुढील संशोधनाचा आराखडा आणि ज्येष्ठांची शिफारसपत्रे पाहिली जातात. म्हणून प्रबंध सादर होण्याची वाट न पाहता, सुमारे वर्षभर आधीच तयारीला लागावे. संगणकावर आज्ञावली लिहिण्याचा व वर्णपटाच्या विश्लेषणाचा सराव असलेला बरा.

या वाटेला कायमच्या पदाची हमी नाही, हे मी लपवत नाही. अशा एक-दोन नेमणुका होईतो वयाची तिशी उलटते. याच वर्षांत घरातून लग्नाचा तगादा लागतो, आणि मुलाच्या बाबतीत धीर धरणारे घर मुलीच्या बाबतीत अधीर होते. पालकहो, माझी आपणांस विनंती आहे, की या वर्षांना 'रिकामी वर्षे' म्हणू नका. दवाखान्यातील उमेदवारीवाचून निष्णात शल्यविशारद घडत नाही. स्वतंत्र संशोधकही या उमेदवारीवाचून सहसा घडत नाही. विदा-विश्लेषणाचे जे कौशल्य या काळात हाती येते, ते पुढे वाट बदलली तरी उपयोगी पडते.

माजी विद्यार्थ्यांनो, आपल्यापैकी जे संशोधनक्षेत्रात आहेत, त्यांनी वर्षातून एक दिवस शाळेला द्यावा. अर्ज कसा करावा, नकार आला तर पुढे काय करावे, हे आमच्या मुलांना आपल्याकडून मराठीत ऐकायला मिळू द्या. सातवी-आठवीत 'सूर्य का तापतो?' असे आपल्या भाषेत विचारणाऱ्या मुलीला त्या प्रश्नापाठी तिशीपर्यंत जाता यावे, एवढे बळ शाळा आणि घर मिळून तिला देऊ या.