पोरीच्या फोनचा हिशेब

आज आम्ही फोनच्या रिचार्जविषयी बोलणार आहोत. हसू नका! फोन कसा लावायचा ते सांगायला आम्ही आलो नाही. ते तुमची पोरंच आम्हांला शिकवतील. पण पोराच्या फोनात कोणते पैसे भरायचे, हा हिशेब घरच्या मोठ्या माणसांचा.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मुरूडकडच्या एक मावशी. त्यांची मुलगी एसटीने अलिबागला शिकायला जाते. त्या दिवशी पाऊस फार. गाडी आली नाही. दिवेलागण झाली तरी पोरगी घरी नाही. मावशी फोन लावताहेत, लागत नाही. पोरीलाही घरी फोन करता येईना. शेवटी स्टँडवरच्या एका बाईच्या फोनवरून तिने निरोप दिला. तेव्हा कुठे घरात चूल पेटली.

झाले होते काय? रिचार्ज मागेच संपले होते. रिचार्ज संपले, की आधी आपल्याकडून जाणारे फोन बंद होतात. काही दिवसांनी येणारेही बंद होतात. मावशी म्हणाल्या, "होडी वर ओढलेली. हातात पैसा नाही. म्हटलं, नारळी पुनवेनंतर भरू."

यात मावशींची चूक काय? १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी. शाळा-कॉलेज उघडते तेही जूनमध्येच. पैसा नसतो, तेव्हाच फोन लागतो. म्हणून आम्ही म्हणतो, मे महिन्यात सुकट विकली, चार पैसे आले, की लांब मुदतीचे रिचार्ज मारून ठेवा. १ जूनला ८४ दिवसांचे मारले, तर ते २३ ऑगस्टपर्यंत जाते. तोवर होड्या पाण्यात गेलेल्या असतात.

आता दुकानदाराचा महिना बघा. तो पुष्कळदा २८ दिवसांचा असतो. वर्षाचे महिने १२, पण असे रिचार्ज १३ वेळा मारावे लागते. समजा, एकाला ३०० रुपये पडतात. १२ वेळचे ३६०० झाले. १३ वेळचे ३९००. वरचे ३०० कुठे गेले ते कळतही नाही. २०२२ साली ट्राय या सरकारी संस्थेने कंपन्यांना सांगितले, की ३० दिवसांचाही एक तरी प्लॅन ठेवा. तो मागून घ्या.

किंमत ऐकून भुलू नका. किमतीला दिवसांनी भागा. ३०० भागिले २८, म्हणजे दिवसाला पावणेअकरा रुपये. ८४ दिवसांचे समजा ८०० ला मिळाले, तर दिवसाला साडेनऊ. पाटीवर मांडून बघा. हे आकडे आम्ही नुसते समजण्यासाठी घेतले आहेत. खरे दर बदलतात. जुलै २०२४ मध्ये मोठ्या खाजगी कंपन्यांनी ते वाढवलेच होते.

मग येते नेट. "रोज दीड जीबी, रोज दोन जीबी," असे दुकानदार सांगतो. हे रोजचे नेट बर्फासारखे. आज वापरले नाही, तर रात्री बाराला पाणी झाले. उद्यासाठी उरत नाही. पोरगं दिवसभर वर्गात असेल, तर दोन जीबी कशाला? आणि आहे म्हणून ते व्हिडिओ बघत बसणार, ते वेगळेच!

नुसते बोलण्याचे आणि एसएमएसचे रिचार्जही मिळते. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये तसा नियम केला. दुकानदार ते आपणहून दाखवील असे नाही. लहान पोराला ते पुरे. अभ्यासाला नेट लागले, तर घरी बापाच्या फोनवरून द्यावे. कॉलेजातल्या मुलीला मात्र नेट लागतेच. तिथे उगाच कंजुषी नको.

स्वस्त कंपनी घेतली आणि गावात रेंजच नाही, तर काय उपयोग? आपली गावे डोंगर आणि खाडीच्या बेचक्यात. एका कंपनीची रेंज ओटीवर येते, दुसरीची वेशीबाहेर. शेजाऱ्यांना विचारा. पोर जिथे शिकते तिथेही विचारा. कंपनी बदलली तरी नंबर तोच ठेवता येतो. ही सोय देशभर २०११ पासून आहे. घरात दोन फोन असले, तर दोन कंपन्यांचे असावेत. ३ जून २०२० चे निसर्ग वादळ आठवा. श्रीवर्धनपासून अलिबागपर्यंत किती गावांत फोन मुके झाले होते! अशा वेळी एक गेली तर दुसरी चालेल, एवढी तरी आशा राहते.

हां, आणखी एक. १८ वर्षांखालच्या मुलाच्या नावावर सिम मिळत नाही. ते आईच्या किंवा बापाच्या नावावर घ्यावे लागते. दुकानात अंगठा लावाल, तेव्हा कशासाठी लावतो ते विचारा. "उठला नाही, पुन्हा लावा," असे म्हणाला, तर जास्तच विचारा. आपल्या नावावर किती सिम आहेत ते सरकारच्या संचार साथी या ठिकाणी बघता येते. पोराकडून बघून घ्या.

मावशींनी यंदा मे संपता संपता ८४ दिवसांचे रिचार्ज मारले. पोरगी आता गाडीत बसली की फोन करते, उतरली की फोन करते. मावशी म्हणतात, "बाई गं, जरा कमी कर. मला भाकऱ्या थापायच्यात."