एका दिवसाची सहल
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषयही नेमून दिला आहे : निसर्ग पाहायला जाणाऱ्या छोट्या सहली कशा आखाव्यात. हा विषय कुठून निघाला ते तुम्हाला ठाऊकच आहे. आपल्या व्हॉट्सॲप गटावर गेले चार महिने एकच चर्चा चालू आहे. इतक्या वर्षांनी सगळे भेटलो, आता एक मोठी सहल काढायचीच. कॅनडातल्या आपल्या मैत्रिणीनं इक्वेडोर सुचवलं. बारा दिवस, ॲमेझॉनचं जंगल, गालापागोस बेटं. तिनं फोटो टाकले, तीसेक जणांनी अंगठे वर केले. मग तिकिटाचा आकडा आला आणि पुढचे दोन दिवस गटावर फक्त ‘सुप्रभात’चे संदेश आले.

बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी शेजारीपाजारी आणि ओळखीच्या लोकांसाठी आपल्या जिल्ह्यात एक-दोन दिवसांच्या सहली काढतो. त्यातून मला काही सुटत नाही, पदरचंही काही जात नाही. म्हणून हे बोलायचं काम माझ्या गळ्यात पडलं आहे.

आधी इक्वेडोरबद्दल. ज्याला जमेल त्यानं जरूर जावं. माझं तिथं जाणं झालेलं नाही, पण तिथल्या सहलींची आखणी कशी असते ते मी मुद्दाम वाचलं. गालापागोसची जवळजवळ ९७ टक्के जमीन राष्ट्रीय उद्यानात आहे. तिथल्या बहुतेक जागी परवाना असलेल्या वाटाड्याशिवाय फिरता येत नाही. आखून दिलेली पायवाट सोडायची नाही आणि कुठल्याही प्राण्यापासून दोन मीटर लांब राहायचं, असा नियम आहे. २०२४ च्या ऑगस्टपासून बहुतेक परदेशी पाहुण्यांचं प्रवेशशुल्क १०० डॉलरवरून २०० डॉलर झालं. या देशानं २००८ साली आपल्या राज्यघटनेत निसर्गालाच हक्क दिले. म्हणजे तिथं पाहुण्याला पहिल्याच दिवशी समजतं की आपण कुणाच्या तरी घरात आलो आहोत. त्यांची बेटं आपल्याला इथं आणता येणार नाहीत. त्यांची शिस्त आणायला मात्र विमानाचं तिकीट लागत नाही.

आता आपल्याकडे पाहू. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला. आठ तालुके : वसई, पालघर, डहाणू, तलासरी, विक्रमगड, वाडा, जव्हार, मोखाडा. पश्चिमेला समुद्र, खाडी, तिवरं आणि मिठागरं. मधे वाड्या आणि भातशेती. पूर्वेला सह्याद्रीचे डोंगर. हे सगळं एका दिवसात जाऊन परत येण्याच्या अंतरावर आहे. आपल्यातले अर्धेअधिक लोक विरारहून चर्चगेटला चाळीस वर्षं गेले, पण विरारहून उलट दिशेला डहाणूकडे किती वेळा गेले? २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत लोकल जाते. साधारण दीड तासाचा प्रवास, आणि बसायला जागा मिळण्याची थोडी तरी आशा.

सहल आखताना मी पहिल्यांदा कॅलेंडर पाहतो. जागा नंतर ठरते. आपल्या भागात प्रत्येक जागेचा एक महिना असतो. जव्हारजवळचा दाभोसा धबधबा भर जुलैत पाहायला कुणी घेऊन जाऊ नये. तेव्हा पाण्याला जोर असतो, दगड निसरडे असतात, आणि आपले गुडघे आता दहावीतले राहिलेले नाहीत. पावसाचा जोर ओसरल्यावर, सप्टेंबरच्या शेवटी जावं. पाणी असतं, हिरवळ असते, वाटही सापडते. त्याच दिवशी जव्हारचा मुकणे संस्थानिकांचा जयविलास राजवाडा पाहून होतो. डहाणू-घोलवडच्या चिकूच्या वाड्या हिवाळ्यात पाहाव्यात. या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. बहाडोलीची जांभळं पाहायची तर पावसाच्या तोंडावर, मे-जूनमध्ये जावं. अर्नाळ्याचा किल्ला बेटावर आहे, तिथं होडीनं जावं लागतं. त्यासाठी महिना पाहून भागत नाही, भरती-ओहोटीची वेळ पाहावी लागते. ती वेळ कोळीबांधवांना विचारावी आणि ते सांगतील तेव्हाच निघावं.

दुसरी गोष्ट माणसांची संख्या. मी पंधराच्या वर माणसं नेत नाही. यावरून माझ्यावर रुसलेले काही जण समोर बसले आहेत. पण पन्नास माणसांची बस एखाद्या पाड्यावर उतरली की ती जत्रा होते. पंधरा माणसं असतील तर एका घरच्या चुलीवर जेवण होतं, वाटाड्याचं बोलणं शेवटच्या माणसाला ऐकू येतं आणि मागे कोण राहिलं ते मोजता येतं.

तुंगारेश्वरचंच उदाहरण घ्या. आपण लहानपणी श्रावणात तिथं चालत जायचो. २००३ साली त्या जंगलाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. सुमारे ८५ चौरस किलोमीटरचं हे जंगल बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आणि तानसा अभयारण्य यांना जोडणारा दुवा आहे. जनावरांच्या येण्याजाण्याची ती वाट आहे. २०२४ च्या मार्चमध्ये वसई किल्ल्याच्या परिसरात बिबट्या दिसला आणि त्याला पकडायला वनखात्याला जवळजवळ महिना लागला. आपल्या इमारती आणि जंगल यांच्यात किती थोडं अंतर उरलं आहे, ते तेव्हा सगळ्या वसईला कळलं. अभयारण्यात प्राण्यांना त्रास देणं आणि कचरा टाकणं याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदी आहे. तरीही रविवारी ओढ्यावर जाऊन पाहा. स्पीकर, वेफर्सची पाकिटं, माकडांना बिस्किटं. आपण गेलो तर सोमवार ते शुक्रवारमध्ये जाऊ. आता आपल्याला रविवारचीच सुट्टी पाहायचं कारण उरलेलं नाही. पाण्याची बाटली घरून आणायची, डबा स्टीलचा, आणि दोन मीटरचा गालापागोसचा नियम माकडांनाही लागू.

तिसरी गोष्ट पैसे. मी बँकेतला माणूस, त्यामुळे हिशेबाशिवाय बोलणं मला पटत नाही. मागच्या हिवाळ्यात आम्ही पंधरा जण डहाणू तालुक्यातल्या गंजाड भागात वारली चित्रकला पाहायला गेलो. याच गंजाडजवळच्या कळंबीपाड्यावर जिव्या सोमा मशे राहायचे. वारली चित्रं त्यांनी जगभर पोचवली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. सहलीचा खर्च रेल्वेचं तिकीट सोडून माणशी ९०० रुपये, एकूण १३,५०० रुपये. त्यातले ५,२५० नाश्ता आणि जेवणाचे, ते स्वयंपाक करणाऱ्या घरी गेले. ३,५०० स्टेशनपासूनच्या गाड्यांचे, गाडीवाले तिथलेच. २,२५० चित्रं शिकवणाऱ्या कलाकाराला, १,५०० वाटाड्याला. उरलेले १,००० औषधं आणि अडीअडचणीसाठी ठेवले होते, ते लागले नाहीत, म्हणून ज्याचे त्याला परत केले. शिवाय लोकांनी चित्रं विकत घेतली ती वेगळी. म्हणजे जवळजवळ सगळा पैसा तालुक्यातच राहिला. हेच पंधरा जण पोहण्याचा तलाव असलेल्या एखाद्या रिसॉर्टवर गेले असते तर खर्च कदाचित जास्त झाला असता, आणि पाड्यावरच्या माणसाच्या हाती फार तर झाडू आला असता. सहल निसर्गाची आहे की नुसती निसर्गाजवळची, हे ओळखायला मी हा हिशेब वापरतो.

चौथी गोष्ट सांगायला साधी, पण तिच्यामुळे सहली मोडतात. स्वच्छतागृह. मी सहलीच्या आधी एकदा स्वतः जाऊन येतो आणि सगळ्यात आधी तेच पाहतो. बायकांसाठी सोय आहे का, दार लागतं का, पाणी आहे का. नसेल तर जवळच्या शाळेत किंवा घरी विचारून ठेवतो. नाहीतर आपल्या मैत्रिणी सकाळपासून पाणी पीत नाहीत आणि दुपारी उन्हात चक्कर येते. त्याशिवाय प्रत्येकाच्या औषधांची यादी, घरच्यांचा फोन नंबर, आणि अंधार पडायच्या आत परतीची गाडी. एवढं केलं की बाकीचं निसर्ग पाहून घेतो.

आता एक घरची गोष्ट सांगतो, कारण सहलींकडे मी वळलो तो तिच्यामुळे.

आगाशीला आमची वडिलोपार्जित वाडी आहे. तुमच्यातले बरेच जण तिथं पेरू चोरायला आलेले आहेत, नावं घेत नाही. राजेळी आणि वेलची केळी, थोडी पानवेल, कडेला नारळ, मधे विहीर. नव्वदच्या दशकात वसईच्या विहिरींचं पाणी टँकरनं जाऊ लागलं, तेव्हा किनाऱ्याकडच्या कितीतरी विहिरी मचूळ झाल्या. हरित वसई संरक्षण समिती आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी त्या काळात जी बाजू घेतली, तिच्यामुळे इथली हिरवाई थोडीफार तरी टिकली. आमच्या विहिरीचं पाणी अजून गोड आहे. वाडीला मात्र आता चार वारस आहेत. दोघांना विकायची आहे, आणि त्यांना मी चूक म्हणत नाही. त्यांच्याही मुलांची शिक्षणं आहेत, घराचे हप्ते आहेत. पुतण्यानं मला सरळ विचारलं, ‘काका, या वाडीतून वर्षाला सुटतात तरी किती?’

या प्रश्नाला भावनेनं उत्तर देता येत नाही. म्हणून मी वाडीत माणसं आणायला लागलो. हिवाळ्यात सकाळी दहा-बारा जण येतात. पाटाचं पाणी कसं वळवतात ते पाहतात, केळफुलाची भाजी आणि तांदळाची भाकरी खातात, आणि सुकेळी कशी करतात ते बघतात. पिकलेली राजेळी सोलून दिवसचे दिवस उन्हात वाळवायची, संध्याकाळी आत घ्यायची, सकाळी पुन्हा बाहेर. मध घातल्यासारखी गोड होतात, पण त्यात साखरेचा कण नसतो. शहरातली मुलं ते पाहून गप्प होतात. जाताना लोक सुकेळी घेऊन जातात. यातून बिल्डरच्या आकड्याची बरोबरी होते का? अजिबात नाही. पण गेल्या वर्षी पहिल्यांदाच गड्याचा पगार आणि पंपाचं बिल वाडीनं स्वतः भरलं. पुतण्यानं तो हिशेब दोनदा वाचला आणि ‘अजून दोन वर्षं बघूया’ म्हणाला. मला तेवढी मुदत मिळाली आहे.

समोर बसलेल्यांपैकी निदान आठ-दहा जणांकडे अजून वाडी आहे, हे मला माहीत आहे. उमराळ्याला, नंदाखालला, भुईगावला, निर्मळला. प्रत्येकाच्या घरी तो प्रश्न आज ना उद्या येणार. त्यांनी काय ठरवावं हे सांगणारा मी कोण? पण ठरवायच्या आधी एकदा पंधरा माणसं आपल्या वाडीत फिरवून पाहा. आपण ज्याला ‘नुसती पडलेली जागा’ म्हणतो, तिच्यात पाहुण्याला काय दिसतं ते कळेल.

शेवटी, वर्षभराच्या चार सहलींचा माझा प्रस्ताव. पहिली जानेवारीत, अर्ध्या दिवसाची, खास आपल्या गुरुजनांसाठी : नालासोपाऱ्याचा स्तूप आणि निर्मळचा तलाव. हा स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली खणला, आत सापडलेले अवशेष मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहेत. सर, बाई, फारसं चालावं लागणार नाही, प्रत्येकाबरोबर एक विद्यार्थी असेल. दुसरी फेब्रुवारीत, डहाणू आणि घोलवड, लोकलनं. तिसरी जूनच्या सुरुवातीला बहाडोलीला, जांभळांसाठी. चौथी सप्टेंबरअखेर जव्हार, एक मुक्काम. प्रत्येक सहलीला पंधरा जण. जास्त नावं आली तर दुसऱ्या आठवड्यात दुसरी तुकडी, पहिल्या तुकडीत कोंबाकोंबी नाही. खर्चाचा कागद सहलीनंतर आठ दिवसांत गटावर येईल.

कॅनडाच्या मैत्रिणीला एक विनंती. तू डिसेंबरात येतेस आणि जानेवारीच्या मध्यावर परत जातेस. म्हणून पहिली सहल मी दहा तारखेच्या आत धरली आहे. सकाळी स्तूप आणि निर्मळ, नंतर ज्यांना हवं त्यांना आमच्या वाडीत जेवण. इक्वेडोरचे फोटो तिथं बसून दाखव, आम्ही सगळे पाहू.

जेवणाच्या मांडवाबाहेर टेबलावर वही ठेवली आहे. नाव, फोन नंबर आणि गुडघ्यांची खरी परिस्थिती लिहावी.