रात्रीची पायांची अस्वस्थता आणि औषधे



दिवसभर राबलेली स्त्री रात्री अंथरुणाला पाठ टेकते आणि तिच्या पोटऱ्यांत आतून काहीतरी वळवळू लागते. पाय हलविल्यावाचून राहवत नाही. उठून चार पावले चालले की बरे वाटते. पुन्हा निजले की पुन्हा तेच. कोणी पोटऱ्यांना फडके आवळून बांधते, कोणी मुलांकडून पाय चेपून घेते. घरची मंडळी यास थकवा म्हणतात. वस्तुतः हा मज्जासंस्थेचा विकार होय. स्वीडनचे डॉक्टर एकबोम यांनी १९४५ साली त्याचे सविस्तर विवेचन केले.

या विकाराचे औषधांशी नाते मोठे विलक्षण आहे. झोप येत नाही म्हणून पुष्कळजण सर्दी-खाजेवरील गुंगी आणणारी गोळी दुकानातून आणून घेतात, आणि नेमक्या त्याच गोळीने पायांची तळमळ वाढू शकते. मळमळीवरील मेटोक्लोप्रामाइड, मानसिक आजारांवरील हॅलोपेरिडॉलसारखी औषधे आणि नैराश्यावरील अनेक गोळ्या यांचाही असाच परिणाम संभवतो. तथापि मानसिक आजाराचे औषध कोणीही परस्पर बंद करू नये. ते बदलावयाचे की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते.

दुसरी गोष्ट लोहाची. मेंदूतील डोपामिन हे द्रव्य तयार होण्यास लोह लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांत तर ही तक्रार विशेष दिसते. हिमोग्लोबिन ठीक असले तरी शरीरातील लोहाचा साठा कमी असू शकतो, यास्तव फेरिटिनची तपासणी करावी लागते. प्रौढ रुग्णात ते लिटरमागे ७५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी असल्यास तज्ज्ञ लोह देण्याचा विचार करतात. गोळी मानवत नसेल तर शिरेतून. लोहाची गोळी चहाबरोबर घेतल्यास तिचा बराचसा भाग वाया जातो, हे आपल्या चहाबाज गावांतून सांगावयासच हवे.

प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल ही डोपामिनसारखे कार्य करणारी औषधे दीर्घकाळ पहिल्या पसंतीची मानली गेली. आरंभी गुण इतका झटपट येतो की रुग्ण दुवा देतो. पुढे काही वर्षांत मात्र तळमळ रात्रीऐवजी सायंकाळीच, मग दुपारीच सुरू होते, हातांतही शिरते. मात्रा वाढविली की थोडे दिवस बरे, नंतर अधिकच वाईट. काही रुग्णांना जुगाराचा किंवा उधळपट्टीचा अनावर नाद लागतो. कुटुंबास तो औषधाचा परिणाम आहे हे ठाऊक नसते आणि दोष माणसाच्या माथी मारला जातो. म्हणूनच अमेरिकेतील निद्राविकार तज्ज्ञांच्या संघटनेने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात ही औषधे सरसकट वापरू नयेत, असे सुचविले. ती एकाएकी सोडणेही त्रासाचे ठरते; मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावी लागते.

त्यांच्या जागी आज गॅबापेन्टिन व प्रीगॅबालिन यांना प्राधान्य मिळते. त्यांनी चक्कर व झापड येते, वृद्ध माणूस रात्री उठताना पडण्याचा संभव असतो आणि मूत्रपिंड दुबळे असल्यास मात्रा कमी ठेवावी लागते. तेव्हा अशा रुग्णास आरोग्य केंद्रात धाडताना घरातील सर्व गोळ्यांची पाकिटे, सर्दीचीसुद्धा, त्याच्यासोबत द्यावीत.