एक नाविक, दोन नौका



शिडाच्या नौकेचा विषय निघाला की पहिला प्रश्न बहुधा लांबीचाच विचारला जातो. किती फुटी? उत्तर मिळताच विचारणारा मनाशी तिची प्रतवारी लावून मोकळा होतो. मात्र ३२ फूट आणि ५६ फूट यांत अंतर केवळ २४ फुटांचे नसते. दोन नौकांची ठेवण सारखीच धरली, तर पावणेदोनपट लांबीमागे शिडांचे क्षेत्रफळ तिपटीने वाढते आणि आकारमान पाचपटीहून अधिक होते. नाविकाचे दोन हात मात्र दोनच राहतात. आजची तुलना या विसंगतीविषयी आहे.

तुलनेसाठी घेतलेल्या दोन्ही नौका गोव्यात, मांडवीतील दिवाडी बेटावरच्या एकाच कारखान्यात घडल्या आणि दोन्ही एकाच माणसाने एकट्याने हाकारल्या. पहिली भारतीय नौदलाची ‘म्हादेई’, लांबी ५६ फूट, वजन सुमारे २३ टन. तिच्यावरून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये चार बंदरांत थांबून पृथ्वीप्रदक्षिणा केली. पुढे अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ रोजी मुंबईहून निघाले आणि कोठेही न थांबता ३१ मार्च २०१३ रोजी परतले. दुसरी ‘थुरिया’, लांबी ३२ फूट, दोन डोलकाठ्यांची. ती रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्या ‘सुहेली’ची प्रतिकृती होय. मूळ ‘सुहेली’ही मुंबईतच बांधलेली होती. तिच्यावरून त्यांनी १९६८-६९ मध्ये एकट्याने, न थांबता, ३१२ दिवसांत जगाला फेरी घातली.

प्रथम वेगाचा विचार करू. नौका चालू लागली की तिच्या नाळेपाशी एक लाट उठते आणि मागे दुसरी. वेग वाढतो तसे या दोन लाटांमधील अंतर वाढत जाते. ते अंतर नौकेच्या पाणरेषेएवढे झाले, की नौकेला जणू स्वतःच उठवलेल्या लाटेचा चढ चढावा लागतो आणि तेथे तिची धाव संपते. पाणरेषेच्या फुटांचे वर्गमूळ काढून त्याला १.३४ ने गुणले, की ही मर्यादा नॉटमध्ये मिळते. ‘सुहेली’ची पाणरेषा २८ फुटांची, म्हणजे मर्यादा सात नॉटच्या आसपास. हिशेबाच्या सोयीसाठी पाणरेषा ४९ फूट धरली, तर मर्यादा सव्वानऊ नॉटच्या पुढे जाते. प्रत्यक्षातही हेच दिसते. ‘सुहेली’ने सुमारे ३०,००० सागरी मैल कापले, म्हणजे दिवसाला शंभराला थोडे कमी. ‘म्हादेई’ने २३,००० मैलांचा पल्ला १५१ दिवसांत गाठला, म्हणजे दिवसाला दीडशेच्या वर.

पन्नास मैलांचा हा फरक केवळ लवकर घरी पोहोचण्याचा नाही. वादळ येणार हे आधी कळले, तर दिवसाला दीडशे मैल जाणारी नौका त्याच्या वाटेतून बाजूला होऊ शकते. मंद नौकेला बहुधा ते अंगावरच घ्यावे लागते.

आता सुरक्षिततेकडे वळू. इंग्लंडजवळच्या फास्टनेट शर्यतीत १९७९ साली ३०३ नौका उतरल्या होत्या. वादळात १५ स्पर्धक प्राणास मुकले. त्यानंतर झालेल्या प्रयोगांतून असे दिसले, की आडव्या नौकेवर फुटणाऱ्या लाटेची उंची नौकेच्या लांबीच्या तीस टक्के असली, तर काही नौका उलटतात. साठ टक्के असली, तर जवळजवळ कोणतीच टिकत नाही. ३२ फुटी नौकेसाठी हे आकडे साडेनऊ व एकोणीस फूट, ५६ फुटीसाठी सतरा व चौतीस फूट. येथे लांबी खरोखरच कामी येते, हे मान्य केलेच पाहिजे.

आता ‘थुरिया’चे काय झाले ते पाहा. १ जुलै २०१८ रोजी फ्रान्समधून सुरू झालेल्या गोल्डन ग्लोब शर्यतीत ती होती. नियमच असा, की नौका ३२ ते ३६ फुटांची आणि जुन्या धाटणीची हवी, आधुनिक दिशादर्शक साधने वापरायची नाहीत. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरात सुमारे ७० नॉटचा वारा आणि १४ मीटरच्या लाटा यांत ती उलटली. डोलकाठ्या गेल्या, टॉमी यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर इजा झाली. २४ सप्टेंबरला ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवले. त्याच वादळात एका ३६ फुटी नौकेच्याही दोन्ही डोलकाठ्या मोडल्या.

‘लहान होती म्हणून बुडाली’ असे म्हणणारे येथे दोनदा चुकतात. एक तर ती बुडाली नव्हती. उलटून पुन्हा सरळ झाली आणि नाविकाला घेऊन तरंगत राहिली. दुसरे, १४ मीटर म्हणजे ४६ फूट. एवढी लाट आडव्या अंगावर फुटली असती, तर वरच्या हिशेबाने ५६ फुटी नौकाही सुटली नसती. मोठ्या नौकेचे खरे संरक्षण तिचा वेग आणि हवामानाची आगाऊ खबर या जोडीत असते, आणि शर्यतीच्या नियमांनी ही जोडीच काढून घेतली होती.

मग एकट्याने दूर जायचे झाल्यास कोणती नौका निवडावी? माझे मत असे, की मध्यरात्री, भिजलेल्या आणि झोप न झालेल्या अवस्थेत, यंत्राच्या मदतीवाचून जे सर्वांत मोठे शीड आपण खाली ओढू शकू, त्यावरून नौका ठरवावी. लांबी मागाहून मोजावी. मोठ्या नौकेवर दोर, चाकरहाट, वीज सारेच जड आणि महाग असते. एखादा भाग मोडला, तर एकट्याला तो हलवणेसुद्धा कठीण जाते. लहान नौकेवर साठवणीची जागा मात्र फार तोकडी असते, आणि ही उणीव कोणत्याही कौशल्याने भरून निघत नाही.

टॉमी स्वतः पुन्हा निघाले ते ३६ फुटी ‘बायानात’ घेऊन. २०२२ च्या त्याच शर्यतीत ते एप्रिल २०२३ मध्ये दुसरे आले. इकडे ५६ फुटी ‘तारिणी’वरून २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांनी पृथ्वीप्रदक्षिणा केली, तर २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ या काळात त्याच नौकेवर दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच होत्या. सहाजणींत वाटलेले पहारे आणि शिडांचे काम तेव्हा दोघींनाच सांभाळावे लागले.